गुणवत्ता शिष्यवृत्ती : तुमची गणना कोणाबरोबर होते?

बारावीचा निकाल लागला की नव्वदच्या पुढच्या घरात पेढे येतात. सत्तरच्या आसपासच्या घरात ‘सुटला एकदाचा’ म्हणून विषय संपतो. ‘गुणवत्ता शिष्यवृत्ती’ हे शब्द या दुसऱ्या घरात सहसा कुणी उच्चारत नाही. पुढे ऑगस्टमध्ये कॉलेजच्या सूचना फलकावर कागद लागतो. त्यावर ‘८०’ हा आकडा दिसतो आणि कला शाखेत ७२ टक्के मिळवलेली मुलगी तो कागद न वाचताच वर्गात जाते.

तो कागद बहुधा केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तीचा असतो. हल्ली ती पीएम-यूएसपी या नावाखाली येते. तिची अट ८० टक्क्यांची नसून ८० पर्सेंटाइलची आहे. म्हणजे तुमच्या बोर्डात, तुमच्याच शाखेतून उत्तीर्ण झालेल्या दर शंभर मुलांत तुम्ही वरच्या विसांत असायला हवे. ही रेषा किती टक्क्यांवर पडेल ते त्या वर्षीचा निकाल ठरवतो आणि ती प्रत्येक शाखेसाठी वेगळी पडते. एखाद्या वर्षी एखाद्या शाखेत ती ८० टक्क्यांच्या बरीच खाली असू शकते. ७२ टक्केवाली मुलगी कदाचित रेषेच्या वर असेल, कदाचित नसेल. पण ते बोर्डाचा त्या वर्षीचा कट-ऑफ पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि तिने तो पाहिलेलाच नाही.

राज्यातल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांना या लेखात सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. गुणवत्ता शिष्यवृत्तीत तुम्हाला सगळ्या जगाशी झुंजायचे नसते. प्रत्येक योजना एक लहानसा गट आखते : अमुक बोर्ड, अमुक शाखा, अमुक उत्पन्न, अमुक विषय, कधी अमुक तालुका. स्पर्धा त्या गटातच होते. म्हणून ‘माझे गुण पुरेसे आहेत का’ हे नंतर विचारा. आधी ‘माझी गणना कोणाबरोबर होणार आहे’ ते शोधा.

याच योजनेचे अंतरंग पाहा. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांतल्या निम्म्या मुलींना. राज्यांचा वाटा १८ ते २५ वयोगटातल्या लोकसंख्येवरून ठरतो आणि राज्याच्या आत तो विज्ञान, वाणिज्य आणि कला यांच्यात ३:२:१ असा विभागला जातो. शिवाय अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कला शाखेच्या मुलीची गाठ लातूरच्या विज्ञानवाल्या टॉपरशी पडतच नाही. बेळगावात कर्नाटक बोर्डाची बारावी करून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आलेला मराठी मुलगा मोजला जातो तो त्याच्या बोर्डाच्या यादीत. कॉलेज महाराष्ट्रात आहे म्हणून त्याची यादी बदलत नाही. गोवा बोर्डातून येणाऱ्यांचेही तसेच.

कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख रुपये आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला वर्षाला २०,००० मिळतात. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, पदवीच्या पहिल्या वर्षातच करायचा. दुसऱ्या वर्षी जाग आलेल्याला नवा अर्ज करता येत नाही. हे वाक्य कॉलेजच्या फाटकावर रंगवायला हवे, असे मला दर वर्षी वाटते.

मूलभूत विज्ञानाच्या मुलांसाठी दुसरा गट आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर’ योजनेत उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती बोर्डातल्या वरच्या एक टक्का मुलांसाठी असते. ती बीएस्सी किंवा एकात्मिक एमएस्सीला भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र अशा मूलभूत विषयांकडे जाणाऱ्यांनाच मिळते. अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा बीसीएला जाणारा तिथे बाद होतो. आता गंमत पाहा. बोर्डातले वरचे एक टक्का विद्यार्थी बहुतांश अभियांत्रिकी-वैद्यकीयकडे निघून जातात. मागे राहतात ते थोडे, आणि त्यांतल्या अनेकांना ही योजना ठाऊकच नसते. तिचे स्वरूप वर्षाला ८०,००० रुपयांचे राहिले आहे : ६०,००० विद्यार्थ्याला आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. माझ्या मते हे वीस हजार त्या साठांपेक्षा मोलाचे. जिल्ह्याच्या गावातल्या बीएस्सीच्या मुलाला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा आयसरमध्ये एखाद्या शास्त्रज्ञाला ईमेल पाठवायला त्यामुळे एक रीतसर कारण मिळते. उन्हाळ्याची ती दोन महिन्यांची ओळख पुढे एमएस्सीच्या प्रवेशात उपयोगी पडते. या योजनेच्या तारखा आणि तपशील वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात पाहूनच अर्ज करावा.

तिसरा गट पदवीनंतरचा, आणि त्याबद्दल राज्य विद्यापीठांत कमालीची शांतता आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एकुलत्या एका मुलीसाठी, विद्यापीठात क्रमांक मिळवणाऱ्यांसाठी अशा पूर्वी वेगवेगळ्या असलेल्या योजना एकत्र करून पदव्युत्तर शिक्षणासाठी एक राष्ट्रीय शिष्यवृत्ती केली. दहा हजार विद्यार्थी, महिन्याला १५,००० रुपये, वर्षातून दहा महिने. ३० टक्के जागा मुलींसाठी. निवड पदवीच्या गुणांवर होते, वय तिशीच्या आत हवे आणि अर्ज एमए, एमकॉम, एमएस्सीच्या पहिल्या वर्षी करायचा. वर्षाला दीड लाख म्हणजे मराठवाड्यातून पुण्यात येऊन राहणाऱ्या मुलाची खोली, मेस आणि पुस्तके भागतात. तरीही इतिहास किंवा मराठीच्या एमएच्या वर्गात ‘कुणी अर्ज केला?’ असे विचारले तर क्वचित एखादा हात वर होतो.

आपल्या विद्यापीठांच्या स्वतःच्या तिजोरीतही गट आहेत, आणि ते सगळ्यांत लहान. जुन्या देणग्यांतून सुरू झालेली पारितोषिके, पदके, ठेवींच्या व्याजातून दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या. प्रत्येकीमागे कुणीतरी देणगीदार आणि त्याची एक अट. संस्कृत घेऊन प्रथम येणारा, अमुक तालुक्यातला रहिवासी, प्राथमिक शिक्षकाचे अपत्य, संख्याशास्त्रात सर्वाधिक गुण मिळवणारी मुलगी. मुंबई विद्यापीठाचे वि. ना. मंडलीक सुवर्णपदक महामहोपाध्याय पां. वा. काणे यांना मिळाले होते ते निबंधासाठी. अशा पदकासाठी परीक्षेचे गुण लागत नाहीत, महिनोन्महिने बसून लिहिलेला प्रबंध लागतो. आजही काही पारितोषिके निबंधावर दिली जातात आणि काही वर्षे एकही अर्ज न आल्याने ती कुणालाच दिली जात नाहीत. ही यादी संकेतस्थळावर एखाद्या जुन्या पीडीएफमध्ये दडलेली असते. परीक्षा विभागात किंवा दीक्षान्त कक्षात जाऊन ‘पारितोषिकांचे नियम कुठे मिळतील’ असे विचारायला लाजू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ असते. विद्यापीठाच्या निधीतून चालणाऱ्या अर्थसाहाय्याची, ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी तिथे करायची.

एक वळण घेतो. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या योजनांच्या यादीत उच्च शिक्षण संचालनालयाखाली ‘दक्षिणा अधिछात्रवृत्ती’ असे नाव दिसेल. पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत, तो निधी इंग्रजी अमलात शिक्षणाकडे वळवला गेला आणि त्यातून हे नाव उरले. न्यायमूर्ती रानडे विद्यार्थिदशेत दक्षिणा फेलो होते. त्याच यादीत गणित-भौतिकशास्त्राच्या गुणवंतांसाठी, खुल्या गुणवत्तेसाठी अशाही जुन्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यांतल्या काहींची रक्कम इतकी जुनी झाली आहे की सत्राच्या झेरॉक्सलाही अपुरी पडावी. त्यांच्यामागे किती धावायचे ते ज्याने त्याने ठरवावे. मी तरी आधी मोठी रक्कम, मग मान, असा क्रम लावीन.

क्रम लावावा लागतोच, कारण बहुतेक सरकारी योजनांत एकच शिष्यवृत्ती घेता येते, आणि शुल्कमाफी हीसुद्धा शिष्यवृत्तीत धरली जाते. इथे गणित करा. राज्य सरकारच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या घरांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा अर्धा भाग मिळतो. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलींना हा लाभ शंभर टक्के केला आहे. समजा अभियांत्रिकीचे शिक्षण शुल्क वर्षाला ९०,००० आहे. मुलाला अर्धे म्हणजे ४५,००० आणि पात्र मुलीला पूर्ण ९०,००० वाचतात. केंद्राचे १२,००० घेऊन हे सोडणे म्हणजे सरळ तोटा. उलट अनुदानित कॉलेजातल्या बीए-बीएस्सीचे शिक्षण शुल्क काही शेकडे किंवा फार तर काही हजार असते. तिथे अर्ध्या शुल्कापेक्षा केंद्राचे १२,००० कितीतरी बरे. शेजारच्या मुलाने जो अर्ज भरला तोच आपणही भरायचा, ही आपली सर्वांत महागडी सवय आहे. त्याचा अभ्यासक्रम वेगळा असतो, म्हणून त्याचे गणितही वेगळे असते.

खासगी संस्थांच्या शिष्यवृत्त्यांचे नियम वेगवेगळे. काही सरकारी लाभाबरोबर चालतात, काही चालत नाहीत. अटींची ओळ शेवटपर्यंत वाचा. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. आजही काही संस्था पुढे अमुक काळ नोकरीची, काही रक्कम परत करण्याची, काही दर सत्राला अहवाल देण्याची अट घालतात. परतफेडीची अट असलेली रक्कम ही बिनव्याजी किंवा कमी व्याजाच्या कर्जाच्या जवळची गोष्ट असते. ती घेऊ नये असे नाही, पण घरच्यांना ते समजावून सांगून घ्यावी.

कागद

गटात आपण पुढे आहोत हे कळल्यावर खरी गळती सुरू होते ती कागदांवर. गुणांत मागे पडलेल्यांपेक्षा दाखल्यांत अडकलेले अर्ज जास्त पाहिले आहेत, म्हणून हा भाग जरा लांबवतो.

उत्पन्नाचा दाखला. तहसीलदारांचा लागतो, सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज होतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यामुळे नव्या वर्षाचा दाखला एप्रिल-मेमध्ये काढता येतो. त्या वेळी केंद्रावर माणसे कमी असतात, तलाठीही भेटतात. निकाल लागून प्रवेश सुरू झाले की सगळा तालुका तिथे उभा राहतो आणि सर्व्हर बसतो. नॉन क्रीमीलेअरची मुदतही ३१ मार्चला संपते आणि त्यासाठी तीन वर्षांचे उत्पन्न लागते. दोन्ही एकाच खेपेत करावेत. केंद्रचालक घाईत उत्पन्नाचा आकडा अंदाजे टाकतात. वडिलांच्या फॉर्म १६ वर एक आकडा आणि दाखल्यावर दुसरा असेल तर पडताळणीत अर्ज परत येतो. दाखला हातात आला की आकडा, नाव, वर्ष तिथेच उभे राहून वाचा. आणि तो मुदतीत मिळत नसेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. अर्जाची पावती जपून ठेवलेली असली तरच.

नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर उलटे. बँकेत कधी वडिलांचे नाव गाळलेले, कधी ‘श्रद्धा’च्या स्पेलिंगमध्ये एक ‘डी’ जास्त. माणसाला हे कळते, संगणकाला कळत नाही. बोर्डाची गुणपत्रिका आधार मानून बाकी सगळे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत, आणि तेही अकरावी-बारावीच्या सुट्टीत. लग्न झालेल्या मुलींनी नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत अर्जाला जोडावी.

बँक. हा सगळ्यांत फसवा भाग आहे. थेट लाभ हस्तांतरणाचे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातीलच असे नाही. ते तुमच्या आधारशी शेवटचे जोडलेल्या बँकेत जातात. ही जोडणी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत असते आणि एका वेळी एकच बँक तिथे राहते. मोबाइलचे सिम घेताना किंवा एखाद्या अॅपवर ‘मान्य आहे’ दाबताना नवे खाते उघडले गेले असेल तर शिष्यवृत्ती तिकडे वळते आणि मुलगा इथे सहा महिने पासबुक भरून घेत बसतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती फुकट पाहता येते. अर्जाआधी एकदा आणि मंजुरीनंतर एकदा पाहा. दुसरे असे की, पुरी कागदपत्रे न देता उघडलेल्या ‘छोट्या खात्या’त पन्नास हजारांहून जास्त शिल्लक आणि वर्षाला एक लाखाहून जास्त जमा चालत नाही. दहावीत काढलेले खाते असेच असेल तर शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करून घ्या.

मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड सायबर कॅफेवाल्याच्या वहीत ठेवू नका. अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे सरकतो. तिथे त्रुटी निघाली तर तो दुरुस्तीसाठी परत पाठवला जातो, ज्याला सगळे ‘सेंड बॅक’ म्हणतात. ती सूचना ज्या मोबाइलवर जाते तो कॅफेवाल्याचा असेल तर तुम्हाला कळेपर्यंत मुदत गेलेली असते. अर्ज भरल्यावर दर आठवड्याला एकदा स्वतः लॉगिन करा. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बसणारे लिपिक शेकडो अर्ज पाहत असतात. त्यांच्याशी नीट बोला, अर्जाचा क्रमांक कागदावर लिहून न्या आणि शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. पोर्टल शेवटच्या दिवशी बंद पडणे हा आता आपल्या ऋतुचक्राचाच भाग आहे.

गुण सांभाळणे

मिळालेली शिष्यवृत्ती दर वर्षी पुन्हा जिंकावी लागते. केंद्राच्या योजनेत नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती लागते. गुण बहुतेकांना जमतात. उपस्थितीत मुले पडतात, कारण कॉलेजला जायचेच नसते असा एक समज शहराशहरांत पसरलेला आहे. नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो हेही अनेकांना दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळते.

विद्यापीठाच्या यादीत वर यायचे असेल तर सत्र पद्धतीचा स्वभाव ओळखावा. बारावीसारखा एक मोठा दिवस इथे नसतो. सहा सत्रांची सरासरी असते आणि पहिल्या सत्रात नवे गाव, नवी भाषा, नवे वसतिगृह यांत घसरलेले गुण शेवटपर्यंत सोबत राहतात. पहिले सत्र हलके घेणारा पाचव्या सत्रात कितीही जोर लावो, पदकाच्या यादीत तो मागेच राहतो. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मुले सोडून देतात. चाचणी चुकवणे, जर्नल उशिरा देणे, सादरीकरणाला गैरहजर राहणे यात जे चार-सहा गुण जातात तेच पहिल्या आणि पाचव्या क्रमांकातले अंतर असते. बहुतेक पारितोषिकांना सगळे विषय पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण व्हावे लागतात, म्हणून एटीकेटी एकच असली तरी ती पदकाचे दार बंद करते.

पुनर्मूल्यांकनाचा निर्णय रागाच्या भरात घेऊ नये. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, विषयाच्या शिक्षकांबरोबर बसून पाहा, एखादे उत्तर तपासलेच गेलेले नसेल किंवा बेरीज चुकली असेल तर पुढे जा. वाढलेले गुण पारितोषिकासाठी धरतात की नाही हे त्या पारितोषिकाच्या नियमात पाहावे लागते.

ग्रेडचे टक्के करताना तर बऱ्याच अर्जांची वाट लागते. ‘सीजीपीएला दहाने गुणले की झाले’ असे मित्र सांगतो. प्रत्येक विद्यापीठाचे सूत्र वेगळे आहे, काही ठिकाणी बॅचनुसारही वेगळे. ते गुणपत्रिकेच्या मागे छापलेले असते किंवा परीक्षा विभाग तसे प्रमाणपत्र देतो. अर्जात लिहिलेले टक्के आणि प्रमाणपत्रावरचे टक्के यांत दशांशाचा फरक असला तरी पडताळणारा अर्ज बाजूला ठेवू शकतो.

जिथे गुणांपलीकडे पाहतात

खासगी न्यास आणि कंपन्यांच्या शिष्यवृत्त्यांत गुण ही फक्त पहिली चाळणी असते. रिलायन्स फाउंडेशनच्या पदवी शिष्यवृत्तीला बारावीत ६० टक्के पुरतात, पण सगळ्यांना एक ऑनलाइन अभियोग्यता चाचणी द्यावी लागते : भाषा, तर्क आणि अंकगणित. देशभरात पहिल्या वर्षाच्या ५,००० विद्यार्थ्यांना संपूर्ण पदवीसाठी मिळून दोन लाखांपर्यंत रक्कम मिळते. ज्याने बारावीत पाठांतरात मार खाल्ला पण ज्याचे डोके चालते, त्याच्यासाठी हा गट चांगला. चाचणी मोबाइलवर देऊ नये, कॉलेजच्या संगणक कक्षात परवानगी घेऊन द्यावी आणि त्याआधी बँकिंग परीक्षांच्या जुन्या पुस्तकांतून महिनाभर सराव करावा. पुण्यातल्या लीला पूनावाला फाउंडेशनसारख्या संस्था खास मुलींसाठी काम करतात. तिथे गुणांबरोबर घरची परिस्थिती आणि मुलाखत यांना वजन असते.

अशा अर्जात एक परिच्छेद स्वतःबद्दल लिहायचा असतो, आणि तिथे आपली मुले हमखास एकच वाक्य लिहितात : ‘मी अत्यंत गरीब परंतु होतकरू कुटुंबातील विद्यार्थी असून मला शिक्षणाची आवड आहे.’ वाचणाऱ्याच्या समोर अशी शेकडो वाक्ये असतात, त्यातून त्याला एकही मुलगा दिसत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘वडिलांची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. मी रोज सकाळी सहाच्या एसटीने कॉलेजला येते. तिसऱ्या सत्रात संख्याशास्त्रात वर्गात दुसरी आले. घरी संगणक नसल्याने आर ही आज्ञाप्रणाली मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत चार ते सहा या वेळेत शिकते. ही रक्कम मिळाली तर वसतिगृहात राहीन, म्हणजे प्रवासाचे तीन तास वाचतील.’ यात कुठे करुणा भाकलेली नाही. पैसे कशाला हवेत आणि त्यांनी काय बदलेल, एवढे नेमके कळते. अर्ज मराठीत चालत असेल तर मराठीतच लिहा. मोडके इंग्रजी भरण्यापेक्षा स्वच्छ मराठी कधीही चांगले.

शिफारसपत्र मागताना शिक्षकाला शेवटच्या दिवशी गाठू नये. पंधरा दिवस आधी जा आणि सोबत एका पानावर आपले गुण, त्यांच्या विषयात केलेला प्रकल्प, शिष्यवृत्तीचे नाव आणि अंतिम तारीख लिहून द्या. ज्या शिक्षकाला तुम्ही माहीत आहात त्याचे पत्र, ज्यांना तुम्ही फक्त हजेरीतून ठाऊक आहात त्या प्राचार्यांच्या पत्राहून जास्त काम करते. मुलाखतीत ‘मोठेपणी काय व्हायचंय’ याचे पाठ केलेले उत्तर सगळ्यांकडे असते. ‘गेल्या सत्रात कोणता विषय अवघड गेला आणि मग काय केलंस?’ याची तयारी करून जा, कारण मुलाखत घेणाऱ्याला त्यातूनच विद्यार्थी कळतो. अर्जात जे लिहिले त्याच्याशी मुलाखतीतले बोलणे जुळले पाहिजे. काही संस्था घरीही येतात.

पैशांच्या वेळेबद्दल घरात आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. सरकारी शिष्यवृत्ती बहुधा वर्ष संपताना, कधी पुढच्या वर्षी जमा होते. तिच्यावर वसतिगृहाचा पहिला हप्ता मांडून बसलेले घर अडचणीत येते. पहिल्या चार-पाच महिन्यांची सोय वेगळी करावी. ‘कमवा आणि शिका’चे काम मिळत असेल तर जरूर घ्यावे. ग्रंथालयातले काम पदरात पडले तर पगारही आणि पुस्तकेही.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा. पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून ठेवा आणि त्याच क्रमांकाने कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्यांना अर्ज द्या. आधार न जुळणे, उपस्थितीची नोंद राहून जाणे अशा कारणांची दुरुस्ती मुदतीत होऊ शकते. गुणांच्या यादीत खरोखर खाली पडलो असू, तर भांडण्यात वेळ घालवू नये, दुसरा गट शोधावा.

आणि ज्यांचे पहिले वर्ष हातचे गेले आहे त्यांनी एमए-एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची तयारी आतापासून करावी. आपल्या विद्यापीठांत सहाव्या सत्राचे निकाल लांबतात आणि पदव्युत्तर शिष्यवृत्तीच्या तारखा त्यासाठी थांबत नाहीत. निकाल लागल्याच्या दिवशी ऑनलाइन गुणपत्रक उतरवून त्यावर कॉलेजचा सही-शिक्का घ्या, सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर केल्याचे प्रमाणपत्र त्याच आठवड्यात परीक्षा विभागात मागा, आणि पदव्युत्तर प्रवेशाची पावती हातात येताच त्याच संध्याकाळी पोर्टल उघडा.